शंभरात एकही नाही

फहाहीलच्या दवाखान्यात रात्रपाळीला
मी माणसं मोजत नाही, पेशी मोजते.
शंभर. नेहमी शंभर.
काउंटरच्या कळा बोटांना पाठ झाल्यात:
न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट,
आणि मधेच कुठेतरी ती,
इओसिनोफिल,
दोन कप्प्यांची, पोटात केशरी दाणे ठासून भरलेली,
उकललेल्या डाळिंबासारखी.
तिची कळ इतरांपेक्षा कमी झिजलीय.
धुळीचं वादळ येऊन गेलं
की मात्र आठवडाभर तिलाच काम.

त्या रात्री यासीन मुकादम आले, मूळचे बाणकोटचे.
बावीस वर्षं बखूरच्या दुकानात.
गिऱ्हाईक आलं की निखाऱ्यावर ऊद ठेवायचा,
धूर हाताने त्याच्याकडे वळवायचा,
उरलेला आपण घ्यायचा.
चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर:
पहाटेचा खोकला, छातीत शिट्टी.
सीबीसी, आयजीई, सीआरपी.
खिशावरचं माझं नाव वाचून विचारलं, "गाव कोणतं?"
"वेंगुर्ला."
"म्हणजे समुद्र एकच," ते म्हणाले,
आणि एवढं बोलून थांबले,
पुढच्या शब्दासाठी हवा गोळा करत.
दंड बांधला. मूठ वळायला सांगितली.
शीर सापडेपर्यंत मी त्यांचा श्वास ऐकत राहिले:
कुणीतरी दार नीट न लावता निघून गेलंय
आणि फटीतून वारा येतोय, तसा.

सीआरपी शांत.
म्हणजे बहुतेक जंतूंचा दंगा नाही.
आयजीई चढलेलं, पण ते जुनं वैर;
आज भांडण पेटलंय की नाही, ते सांगत नाही.
उरली ती केशरी.
मशीन म्हणालं, शून्य.
मशीनवर माझा विश्वास आहे, पण रात्री अडीचला नाही.
काचेवर थेंब ओढला, लिशमनने रंगवला,
शंभर मोजल्या.
पुन्हा शंभर.
एकही नाही.

छातीत एवढी शिट्टी वाजणारा माणूस
आणि रक्त सारवलेल्या अंगणासारखं.
पाहुणे येणार म्हणून आवरलेलं घर
मला लांबून ओळखू येतं.

फोन लावला.
"चाचा, कुठली गोळी घेता?"
पलीकडे बराच वेळ नुसता तो वारा.
मग: "बारीक पांढरी. दुकानामागच्या फार्मसीतून.
दम लागला की दोन.
आज येण्याआधी चार घेतल्या.
इकामा संपतोय, बाई. कफील म्हणाला,
रिपोर्ट चांगला आण."

चांगलाच आला होता की.
त्यांचं रक्त खोटं बोललं नव्हतं,
त्याच्या तोंडावर हात ठेवला होता कुणी, इतकंच.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
रुग्ण स्टेरॉइड घेत आहे, आकडा त्यानुसार वाचावा.
आणि त्यांना म्हटलं, एकदम बंद करू नका,
सकाळी डॉक्टरांना सगळं सांगा, गोळ्यांचं पाकीट घेऊन जा.
"आणि इकामा?"
त्याला माझ्याकडे कळ नव्हती.

सकाळी गेले खरे.
डॉक्टरांनी फुंकायचं औषध दिलं, गोळ्या हळूहळू उतरवल्या,
मालकाने त्यांना निखाऱ्यापासून उचलून गल्ल्यावर बसवलं,
इकाम्याचं काय झालं ते मात्र मी विचारलं नाही.
दीड महिन्याने पुन्हा दंड, पुन्हा मूठ.
शीर शोधताना कान दिला:
दार अजून पुरतं लागलं नव्हतं,
पण फट कमी झाली होती.

रात्री काच भिंगाखाली सरकवली.
दहा, वीस, तीस. काही नाही.
सदतिसावी पेशी केशरी.
काठोकाठ दाणे, जराशी तिरकी,
उशिरा आलेल्या साक्षीदारासारखी ओशाळलेली.
कळ दाबली. टक्.
पुढे आणखी सहा.

आता डॉक्टरांना ठरवता येईल,
कुठलं औषध, किती, अजून किती दिवस.
आजार दिसला म्हणून बरं वाटलं
आणि बरं वाटलं म्हणून थोडी लाज.
बाहेर रिफायनरीची ज्वाळा रोजच्यासारखी जळत होती.
काच पुसायची राहिली तशीच.